अकरावी बाटली

"येकच फूल दे गं, कासा. गणपती तसाच बसलाय," सत्यशीलाबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या.

कासाबाई तांदूळ निवडत राहिली. थोरली जाऊ दारात उभी आणि आपण सूप खाली ठेवत नाही, याचं तिला मनापासून सुख वाटत होतं. "गल्लीत मागा की. दारोदार जास्वंद हाय."

"समद्यांकडं जाऊन आले. कुणी देईना. तूच शपथ घातलीस म्हणं."

घातलीच होती. दोन वर्षांपूर्वी कासाबाईचा नवरा पंडित आजारपणात गेला. सामाईक अंगणातली जास्वंद त्याच्या हातची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जीप लावायला जागा हवी म्हणून सत्यशीलाबाईंनी ती बुडातून तोडवली. विचारलंसुद्धा नाही. कासाबाईने ढिगातून पेन्सिलीएवढ्या अकरा काड्या वेचल्या आणि पंडितच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्यात खोवल्या. तपकिरी काचेत मुळं लवकर धरतात, हे त्यानेच शिकवलेलं. मुळं फुटल्यावर बोरी गावातल्या त्या गल्लीत दहा घरी दहा बाटल्या गेल्या, सोबत गळ्याची शपथ: फूल कुणालाही द्या, त्या घरात नको. अकरावी काडी तिने स्वतःच्या दारात लावली आणि बाटली धुऊन खिडकीत ठेवली. तिच्यावर दवाखान्याने चिकटवलेल्या चिठ्ठीवर पंडितचं नाव अजून वाचता येत होतं.

"चुकलं माझं," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या.

कासाबाई उठली. दारातल्या झाडावर चार फुलं होती. जावेने पदर पसरला. कासाबाईने फुलांना हात न लावता एक बिनकळीची काडी कापली, खिडकीतल्या बाटलीत पाणी भरून खोवली आणि पुढे केली.

"तुमी तोडली तवा मला काड्याच घावल्या व्हत्या, बाई. तुमीबी काडीच घ्या. दोन दिसाला पाणी बदला. वर्सानं फुलंल."

सत्यशीलाबाईंना घ्यावीच लागली. गणपतीच्या दिवशी रिकाम्या हाताने कोण परत जाणार!

संध्याकाळी गल्लीतले सगळे गणपती लालभडक होते. सत्यशीलाबाईंच्या गणपतीपुढे मात्र ती बाटली आणि उघडी काडी, पंडितचं नाव लोकांकडे करून. कासाबाईने त्यांच्या दारात उभं राहून आरती जरा मोठ्यानेच म्हटली.

घरी आल्यावर मात्र रिकाम्या खिडकीकडे तिला बघवेना.