न फुटलेला जग

भिंगवाल्यांनी गुन्हा कबूल केला, ही बातमी काकूने आणली तेव्हा काका पायाची नखं कापत होते. “मग संपलंच की,” ते म्हणाले आणि दुसरा पाय पुढे घेतला.

भिंगवाले म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान चालवणारे, काकांचे बुद्धिबळातले जुने वैरी. त्यांनी कुणा अनोळखी गिऱ्हाइकाला दुर्बीण विकली. ते गिऱ्हाईक पुढे एका पुलाजवळ संशयावरून पकडलं गेलं आणि नव्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलिसांनी भिंगवाल्यांना भर दुपारी उचललं. आरोप काय, हे सांगायचं बंधन पोलिसांवर नव्हतं. साक्षीदाराचं नाव गुप्त. वकिलाला भेटायला बंदी. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली हाच पुरेसा पुरावा. तिसऱ्या आठवड्यात ती कबुली मिळाली.

आता एकच फट उरली होती. सोमवारी फेरतपासणी मंडळासमोर सुनावणी होती आणि आरोपीला ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाचं म्हणणं मंडळ ऐकून घेणार होतं. भिंगवाल्या वहिनी आल्या त्या थेट काकांकडे. त्यात नवल नव्हतं. निवृत्त होईपर्यंत काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आपापले तराजू फडक्याने पुसायला लागायचे, आणि त्यांनी कुणाकडे कधी सफरचंदाची फोडसुद्धा खाल्ली नव्हती. त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं, असं काकू म्हणायची आणि स्वतःच्याच कोटीवर हसायची.

काकांनी वहिनींना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की आरोप खोटा असू शकतो, साक्षीदार खोटा असू शकतो, पोलीससुद्धा चुकू शकतात. पण जे केलंच नाही ते शहाणा माणूस स्वतःच्या तोंडाने कशाला कबूल करेल? वहिनी उठल्या. पाण्याचं भांडं तसंच भरलेलं ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर काकूचा तोल सुटला. ती त्या कायद्याविरुद्ध दारोदार सह्या गोळा करत होती आणि तिच्याच घरातली एक सही महिनाभर अडून बसली होती. शब्दाने शब्द वाढला. शेवटी काका म्हणाले, “लाव तो कायदा मला. बसव समोर. मी न केलेलं माझ्या तोंडून वदवून दाखव, सोमवारी मी मंडळासमोर जातो. नाही जमलं, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे राहून पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि प्रयोग म्हटला की मला राहवत नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो. माझी अट एकच होती: गुन्हा घडलेलाच नसावा. काकूला ती फार आवडली. तिने लगेच फडताळातला काचेचा मोठा जग उचलला, आपल्या कपाटात स्वेटरांच्या मागे दडवला आणि किल्ली कमरेला लावली. मला नियम पाठ होते, कारण काकूच्या सह्यांच्या कागदावर ते मीच सोप्या भाषेत लिहून दिले होते.

शनिवारी सकाळी काकांना जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसवलं. जप्तीच्या नावाखाली काकूने त्यांचा चष्मा, वर्तमानपत्र आणि झिजून थोटूक झालेली लाडकी पेन्सिल काढून घेतली. काका खुशीत होते. आरोप काय, असं त्यांनी ऐटीत विचारलं. मी म्हटलं, ते सांगता येत नाही. कुणी तक्रार केली? तेही सांगता येत नाही. मग मी गप्प बसतो, ते म्हणाले. मी म्हटलं, गप्प बसलेलं तुमच्या विरोधात धरलं जाईल.

“अरेच्चा,” काका म्हणाले, पण हसत.

“घरात काहीतरी घडलंय,” काकू म्हणाली. “आम्हाला सगळं कळलंय. तुमच्या तोंडून आलं तर बरं, एवढंच.”

चहाची वेळ झाली. चहा आमच्या दोघींपुरता केला. त्याचा वास टेबलापर्यंत गेला असणार, कारण काकांनी पहिली कबुली तेव्हाच दिली. डॉक्टरांनी बंद केलेली बिस्किटं ते बुटांच्या खोक्यात ठेवतात. काकूला हे ठाऊक नव्हतं, तिच्या भुवया वर गेल्या, पण ती म्हणाली, “हे नाही. पुढे.”

पुढे बरंच निघालं. खिडकीतल्या कुंडीत ते रोज उरलेला चहा ओततात, आणि ते झाड का वाळतंय याची चौकशी काकूबरोबर गंभीर चेहऱ्याने करतात. काकूच्या भावाचा फोन आला की ती आंघोळीला गेलीये असं सांगतात. मागच्या हिवाळ्यात तिने विणलेली टोपी हरवली नव्हती. ती त्यांनी बसमध्ये मुद्दाम ठेवली होती. काकू प्रत्येक वेळी डोळे मिटून श्वास घेत होती आणि म्हणत होती, “हेही नाही.” मला तिचं कौतुक वाटलं. टोपीला दोन महिने लागले होते.

दुपार कलली तसा काकांचा रंग उतरत गेला. खरे गुन्हे संपले होते आणि त्यातला एकही चालला नव्हता. आता ते आपलं आयुष्य चाचपायला लागले, किल्ल्या सापडेनात की आपण खिसे चाचपतो तसे. आपण वाचलो असतो ते कबुलीमुळेच, आणि कबूल करायला तर काहीच शिल्लक नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

तेव्हा मी नुसतं विचारलं, “काका, काचेचा जग कुठे आहे?”

काका बिनचष्म्याच्या डोळ्यांनी फडताळाकडे वळले. जागा रिकामी होती.

“जग,” ते म्हणाले. मग डोळे बारीक करून पुन्हा तिकडे पाहिलं.

“ज्याने पाहिलं त्याने सांगितलंय,” काकू फार मायेने म्हणाली. “मी रागावणार नाही हो. सांगून टाका आणि चहा घ्या.”

काकांनी सांगायला सुरुवात केली. आधी ‘असेल’ आणि ‘बहुतेक’ लावून, मग तेही गळालं. गुरुवारी पाणी प्यायला उठले होते. जग बेसिनच्या कडेवर ठेवला. वळताना कोपर लागलं. तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळले, खालच्या मोठ्या कचरापेटीत टाकले, आणि एक बारकी काच टाचेत गेली, तीही काढली. कुठली टाच, असं मी विचारलं. डावी, ते म्हणाले, आणि टेबलाखाली डावा पाय चोळला. मी कागद पुढे केला. त्यांनी सही केली, तीही पूर्ण नावाची, बाजारात नापास तराजूच्या पावतीवर करायचे तशी.

काकूने कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. स्वेटर बाजूला सारले, जग आणला, नळाखाली धरून भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मग चष्मा दिला.

काकांनी चष्मा लावून जगाकडे पाहिलं. बोटाने त्याच्या काठावर टिचकी मारली. तो वाजला.

“पण मला तो आवाज आठवतोय,” ते हळूच म्हणाले. “फुटल्याचा.”

मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं.

नंतर अर्थात ते चिडले. तुम्ही मला सुचवलंत, म्हणाले. बसवून ठेवलंत, चष्मा काढून घेतलात, थकवलंत. काकू म्हणाली, “आणि तेही जावयासारखं, उशी पाठीला देऊन. भिंगवाल्यांना काय उशी दिली असेल तिथे?”  काकांनी जगातलंच पाणी ओतून घेतलं, प्यायले आणि मला विचारलं की हे डोकं कुणाचं. मी सांगितलं की प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की आम्ही आधी निव्वळ शुद्ध पाणी घालून बघतो. त्यातही त्याने विष दाखवलं, तर यंत्र बिघडलेलं आहे.

“म्हणजे रिकामं पारडं,” काका म्हणाले. त्यांचा आवाज कामावरचा झाला होता. “दुकानात शिरल्यावर मी पहिल्यांदा तेच बघायचो. पारड्यात काही नसताना काटा कुठे आहे. नसताना वजन दाखवत असेल, तर त्यावर सोनं ठेवा नाहीतर बटाटे, तो आकडा कचरा.” थोडं थांबून ते म्हणाले, “सह्यांचा कागद कुठे आहे तुझा?”

काकूने तो इतक्या चपळाईने आणला की जणू पदराखालीच होता.

सोमवारी आम्ही तिघं आणि वहिनी गेलो. मंडळ म्हणजे लांब टेबलामागे बसलेले तीन जण आणि एक पंखा, जो फक्त मधल्या अध्यक्षांवर फिरत होता. भिंगवाले एका बाजूला उभे होते. ज्या माणसाने गावाला चष्मे दिले, त्याच्या नाकावर चष्मा नव्हता. आमच्या दिशेने ते अंदाजाने हसले. काकांनी ते पाहिलं आणि त्यांची मान ताठ झाली.

आरोपीच्या चारित्र्याबद्दल बोला, असं अध्यक्षांनी बजावलं. काका म्हणाले की बुद्धिबळात हा माणूस हरायला लागला की पट हलवतो, त्यामुळे चारित्र्याची हमी आपण देत नाही. वहिनींनी डोक्याला हात लावला. मग काकांनी आपण शनिवारी काय कबूल केलं ते सांगितलं. बेसिन, कोपर, वर्तमानपत्र, डावी टाच, काही गाळलं नाही. बिस्किटंही सांगितली. डावीकडचे सदस्य खोकल्याच्या आड हसत होते.

“एक मिनिट,” अध्यक्ष म्हणाले. “जग फुटलाच नव्हता?”

“नाही साहेब. जग शाबूत आहे. फुटलो तो मी.”

पंखा फिरत राहिला. काका पुढे म्हणाले की न घडलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांच्यासारख्या माणसाकडून दोन बायका दिवे लागायच्या आत काढतात, तीही मारहाण न करता. त्याच पद्धतीने आलेल्या कबुलीवर या माणसाला आत ठेवायचं असेल, तर आधी त्या पद्धतीची तपासणी करा. त्यांच्या खात्यात असा तराजू दुकानदाराच्या हातात राहू देत नसत.

अध्यक्षांनी त्यांना हेच लेखी द्यायला सांगितलं. काका म्हणाले, “वकील आल्याशिवाय मी आता कशावर सही करत नाही.” या वेळी डावीकडच्या सदस्यांनी खोकायचंही सोडून दिलं.

निकाल दुपारी आला. भिंगवाल्यांची ती कबुली बाजूला ठेवून, वकिलासमोर त्यांचा जबाब नव्याने घ्यायचा. सुटका नव्हती ती. पण तोवर भेटायला वकील मिळणार होता आणि, काकांनी दारात उभं राहून वाद घातला म्हणून, चष्मा. वहिनींनी तो पर्समधून काढून शिपायाच्या हातात दिला. भिंगवाल्यांनी तो लावला, आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि काकांना म्हणाले, “पट मी कधी हलवलाय रे?”

“हे वकिलासमोर सांग,” काका म्हणाले.

कायदा जागच्या जागीच होता, म्हणून परतताना काका घरी आलेच नाहीत. काकूच्या हातातला सह्यांचा कागद घेऊन ते औषधांच्या दुकानात शिरले. दुकानदाराने कागद वाचला आणि परत सरकवला. आपण काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला, असं त्याचं मत पडलं.

काकांना मनापासून आनंद झाला. त्यांनी गल्ल्यामागचं स्टूल पुढे ओढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, “अगदी बरोबर. बस जरा.”