मळहात

“घाल बाळाला, पाणी बेताचं आहे,” बाबा टबातून हात काढत म्हणाले.

बाळ माझ्या खांद्यावर होतं. सवयीनं मी कोपर बुडवलं आणि झटकन मागे ओढलं.

“बाबा, चटका बसतोय.”

“काहीतरीच.” त्यांनी पुन्हा हात घातला आणि तसाच ठेवला.

मी तो बाहेर ओढला. दोन बोटांवर टपोरे फोड होते, या पाण्यानं आलेले नव्हेत, आधीचे.

“हे कधी भाजलं?”

ते बोटांकडे दुसऱ्याची असल्यासारखे बघत राहिले. “काल कारखान्यातल्या कपाटात आत टेकली असतील. शुगरमुळे हात असून नसल्यासारखा झालाय गं.”

बाबा कागदाच्या कारखान्यात ड्राइव्ह सांभाळतात. मोठ्या मोटरींचा वेग कमीजास्त करणारी ती माणसाहून उंच लोखंडी कपाटं. आतली उष्णता पंख्यानं सतत बाहेर फेकावी लागते. जाळीत कागदाचा भुगा बसला की हवा कोंडते, कपाट तापतं आणि अख्खं मशीन ठप्प होतं. तापमान दाखवणारा पडदा आहे, पण त्याच्याआधी सगळे बाबांना हाक मारतात. ते वरच्या झरोक्याशी मळहात, म्हणजे हाताची पालथी बाजू, धरतात आणि सांगतात, चालू द्या, नाहीतर थांबवा. “काकांचा हात म्हणजे सासूची नजर,” फोरमन म्हणतो, “कपाटाला ताप चढायच्या आत ओळखतो.”

“मग परवा मशीन बंद पडलं ते?” मी विचारलं.

“फोरमन थांबवू म्हणत होता. मीच हात धरून म्हटलं, चालू द्या.” ते खाली बघत होते. “आतून जळलं. आता म्हणतात जाळी नीट झटकली नव्हती. साफसफाईच्या मावशींना घरी बसवणार आहेत.”

बाळानं माझ्या केसांना लोंबकळायला सुरुवात केली होती.

“आईला सांगू नकोस,” बाबा म्हणाले.

“आणि मावशींचं?”

त्यांनी टॉवेल घेतला आणि हात पुसला, एकेका बोटामधून, बाळाचं अंग टिपावं तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोरमनला गाठलं. “आधी हसला,” संध्याकाळी मला हळूच सांगत होते. “म्हणाला, काका, सकाळी सकाळी चेष्टा नको. मग मी बोटं पुढे केली. हसू मावळलं बिचाऱ्याचं.”

मावशी राहिल्या. बाबांना स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट काढून द्यायला.

“बरं झालं,” आई म्हणाली. “या वयात धगीपाशी कशाला उभं राहायचं? पंख्याखाली बसा आरामात.”

“हो ना,” बाबा म्हणाले.

स्टोअरमधला पहिला दिवस संपवून ते घरी आले. आईनं त्यांचा शर्ट भिजवायला घेतला. कॉलर उलटून पाहिली, पाठीवरून हात फिरवला; ना घाम, ना कागदाचा भुगा. मग एकदा झटकून तो तसाच पुन्हा खुंटीला लावला.