अकरा मिनिटांचं ऊन

हिमश्वेत अरण्य, हिमश्वेत मौन. सूचिपर्णी वृक्षांच्या खांद्यांवर हिमभार, आणि त्या शुभ्र निःशब्दतेतून वाहणारा एकच काळा, चपळ, खळाळता ओढा. उत्तर फिनलंडमधली जानेवारीअखेरची दुपार होती ती. दीड महिन्याच्या अंधारानंतर सूर्य परतला होता. पण दक्षिणेच्या टेकडीमुळे या काठावर तो जेमतेम अकरा मिनिटं डोकावायचा. ऋजुताने ती घड्याळ लावून मोजली होती.

फोटोग्राफर ऋजुता तीन हिवाळे या अकरा मिनिटांच्या मागे लागली होती. पहिल्या वर्षी ओढाच गोठला. दुसऱ्या वर्षी रेनडिअरांचा कळप काठ तुडवून गेला. यंदा पाणी वाहतं होतं, काठावर कोरं, अस्पर्श, अक्षत हिम होतं, आणि तिच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाचं शेवटचं पान या एका चित्रासाठी रिकामं होतं. संध्याकाळपर्यंत फोटो पाठवला नाही, तर पुस्तक त्याच्याविना छापलं जाणार होतं.

तिने ट्रायपॉड रोवला, भिंगावर काळी काच चढवली. त्या काचेमुळे शटर चार सेकंद उघडं ठेवता येतं. जे स्थिर ते रेखीव उमटतं, जे हलतं ते दुधाळ होऊन विरतं. ऊन आलं. शेंड्यांवर केशरी, खोडांवर सोनेरी, काठावर गुलाबी. ऋजुताने श्वास रोखून डोळा कॅमेऱ्याला लावला.

आणि चौकटीत लाल शाल शिरली.

अंबुताई, तिच्या सासूबाई, महिनाभरासाठी भोरहून आलेल्या. जाडजूड कोटावरही त्यांनी आपली शाल घेतलीच होती. कोऱ्या हिमातून त्या थेट पाण्याशी गेल्या, उकिडव्या बसल्या, हातमोजा काढला, बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली.

"आई! अहो, काय केलंत हे!"

"अगं, वाहतं पाणी दिसलं. डोळ्यांना नको लावायला? आठ दिवस नुसतं लांबूनच बघतेय."

सुनेचा चेहरा पाहून त्यांनी मागे वळून बघितलं. काठभर खोल पावलं. चूक उमगली तशी बसल्या जागेवरून त्या शालीच्या टोकाने, अंगण झाडावं तसं, हाताला येतील ती पावलं झाडू लागल्या. उरलंसुरलं हिमही विस्कटलं. ऋजुताला भयंकर राग आला. सासूबाईंवर तो काढता येत नाही म्हणून दुप्पट आला. तीन वर्षं पाण्यात गेली होती.

"राहू द्या, आई. पुरे."

"मी बाजूला होऊ का गं?"

मिनिटभर ऊन उरलं होतं. ऋजुताला त्यांची गारठून लालबुंद झालेली बोटं दिसली. तीन हिवाळे तिने या पाण्याचा वेग मोजला होता, चमक मोजली होती. एकदाही त्यात बोट बुडवलं नव्हतं. तिला लाज वाटली. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी लाज येऊन बसली.

"नका होऊ. तशाच बसा. चार सेकंद अजिबात हलू नका."

शटर उघडलं. अंबुताई बसल्या, अगदी निश्चल. फक्त पाणी इतकं जवळ होतं, की सवयीने हात पुन्हा त्यात गेला आणि पुन्हा डोळ्यांकडे आला. शटर मिटलं. ऊन टेकडीआड गेलं.

कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर चित्र उमटलं. तुडवलेला काठ रेखीव, लाल शाल रेखीव, खोडांवर शेवटचं सोनं. अंबुताईंचा हात मात्र कुठेच नव्हता. पाण्यापासून डोळ्यांपर्यंत एक धूसर, दुधाळ, शुभ्र धार तेवढी चढत गेली होती. आणि ओढा कुठे संपतो, बाई कुठे सुरू होते, ते काही केल्या दिसत नव्हतं.