गोंगाटातली शांत जागा

“मॅडम, तुमचं गुपित आकाशातून अर्ध्या देशावर सांडतं. मग त्याला गुपित कशाला म्हणायचं?”

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, स्फूर्तीने, लावली होती. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून मला माझा आवाज इतका आवडायला लागलाय, की पैजेचीही गरज नव्हती. दहावी झालेल्या आम्हा मुलींना हासनबाहेरच्या उपग्रह केंद्राने पालकांसकट बोलावलं होतं. प्रश्न टाकून मी टाळ्यांसाठी मागे वळले. कुणीतरी जांभई दिली.

केंद्र दाखवणाऱ्या रूपश्री मॅडम मात्र खूश झाल्या. “सांडतंच! कुणीही डिश लावावी न् ऐकावं. म्हणून आम्ही लहरींमध्येच बंदोबस्त करून बघतोय. निरोपाबरोबर मुद्दाम गोंगाट सोडायचा, पण दोन वाटांनी, असा बेतून की आपल्या माणसाच्या जागी दोन्ही गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतील. तिथे निरोप स्वच्छ. बाकीच्यांच्या नशिबी खरखर.”

अंगणात त्यांनी तसाच खेळ मांडला होता. खरखरणारे दोन स्पीकर, बरोबर मधोमध एक खुर्ची, आणि बोलणाऱ्यासाठी वेगळा माइक; त्याचा आवाजही त्याच स्पीकरांतून येणार. ‘कोण बोलणार?’ हे विचारून व्हायच्या आत माइक माझ्या हातात. खुर्चीत स्फूर्ती.

तिच्या तोंडावर ऊन येत होतं. फोटो बरा यावा म्हणून मी खुर्ची चार पावलं सावलीत ओढली. केवढी ही हुशारी! मग माइकशी कुजबुजले, “स्फूर्ती, अकरावीच्या, पीयूसीच्या अर्जावर मी जीवशास्त्र खोडून इलेक्ट्रॉनिक्स लिहिलंय. सोमवारी देणार. घरी सांगायची छाती होत नाही गं. माझ्या दवाखान्यासाठी अप्पांनी दुकानाशेजारची खोली पाच वर्षं रिकामी ठेवलीय, आणि मला रक्त बघितलं की घेरी येते.”

“काही ऐकू येत नाही!” स्फूर्ती ओरडली. “नुसती खरखर!”

“यंत्र बिघडलंय,” मी मॅडमना ऐटीत सांगितलं.

त्यांनी स्पीकर बंद केले. “यंत्र ठीक आहे. खुर्ची कुणी हलवली? शांत जागा आहे तिथेच आहे.”

तिथे अप्पा उभे होते. फोन आला म्हणून गोंगाट नसलेली जागा शोधत आले होते.

“काय म्हणाली हो ती?” अम्माने विचारलं.

“तिलाच विचार. औषधवाल्याची पोरगी, आणि रक्ताने घेरी!”

“तुम्ही कुठे शूर? सुई दिसली की डोळे मिटता.”

अप्पा हसले नाहीत, माझ्याकडे वळले. “पुट्टी, मग त्या खोलीचं काय करू?”

पाणी वाचवा यावर मी दहा मिनिटं सलग बोलू शकते. इथे तोंडातून ‘ते… म्हणजे…’ एवढंच निघालं. स्फूर्ती डोळे वटारून बघत होती. मी माइक खाली ठेवला.

“खोलीत औषधांची खोकी ठेवा, अप्पा. अम्मा, तूही ऐक. मी डॉक्टर होणार नाही. सोमवारी अर्ज जाईल तो इलेक्ट्रॉनिक्सचाच.”