सीतेच्या पाठीमागे टांगलेली गोधडी

मी आनंदीबाईंची गोधडी. काशीतले लोक मला कथरी म्हणतात. नावाचं मला काही नाही. अंगावर घेणाऱ्याला ऊब लागली की माझं काम झालं.

माझा जन्म पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतला, भाड्याच्या दोन खोल्यांतला. आनंदीबाईंचे यजमान वेणीमाधवशास्त्री. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं ते सांगायचे. निमिष पोटात होता तेव्हा आनंदीबाईंनी गल्लीतल्या मराठी घरांत निरोप धाडला, एकेक जुनं लुगडं द्या म्हणून. गल्लीतल्याच कस्तुरीच्या सासूनं जांभळं इरकल दिलं. शेजारून कैऱ्यांच्या काठाचं हिरवं आलं. कुणाचं चौकड्याचं, कुणाचं शाईच्या रंगाचं. मधोमध आनंदीबाईंनी स्वतःच्या हळदीच्या पिवळ्या लुगड्याचा चौकोन बसवला आणि सगळ्यांवरून धावदोरा घातला. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पण कुठला तुकडा कुणाचा, आणि ते लुगडं नेसून ती बाई कुणाच्या लग्नात कुणाशी भांडली, हे त्या आजही न अडखळता सांगतील.

निमिष माझ्यात वाढला. पुढे तो रेल्वेत लागला, लग्न झालं, वैदेही सून म्हणून घरात आली. घरात रजया आल्या, ब्लँकेटं आली. माणसं नवं आणतात, पण ताप आला की जुनंच मागतात. तेवढ्यापुरतं मला पेटीतून बाहेर काढायचे. शिवाय वैशाखात आनंदीबाई मला धुऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकायच्या. समोर एक लॉज आहे. तिथला मॅनेजर खिडकीत उभा राहून दात घासायचा आणि माझ्याकडे बघायचा. बघेना का. कठड्यावरचं कापड म्हटल्यावर लोक बघणारच.

आता सीतेचं सांगते.

सीता त्या लॉजच्या चादरी धुवायची आणि लॉजच्याच छतावर पत्र्याच्या खोलीत मुलीला घेऊन राहायची. दुपारी आनंदीबाईंकडे धान्य निवडायला यायची. एक दिवस लॉजची मैल्याची टाकी तुंबली. अशा टाकीत माणूस उतरवायचा नाही, असा कायदा आहे म्हणे. मॅनेजरनं विष्णु नावाच्या मुलाला उतरवलं. विष्णुनं दोर मागितला, तर मॅनेजर म्हणाला, "रस्सी-वस्सी छोड़, दो मिनट का काम है." विष्णुनं शर्ट काढून चादरी पिळणाऱ्या सीतेच्या हातात दिला. "दीदी, पकड़िए, गंदा हो जाएगा."

तो जिवंत वर आला नाही. लॉजवाल्यांनी सांगितलं, दारू प्यायला होता, आपणच पडला. मॅनेजरचं ते वाक्य ऐकलेली एकटी सीता होती, आणि ती चादरींच्या आड होती हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं.

वैदेही वकिलीचं शिकलेली. ज्यांची तक्रार कुणी लिहून घेत नाही, अशांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती जाते. सीता बोलायला तयार झाली, पण अट घालून. "चेहरा नहीं, नाम नहीं. मेरी बिटिया उसी छत पर सोती है, भाभी."

"तुला विचारल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही," वैदेही म्हणाली, आणि ती खरं बोलत होती.

मोबाईलवर तिचं बयान, म्हणजे जबाब, घ्यायला संस्थेतला यज्ञेश्वर आला. खोलीत आल्या आल्या त्यानं मागच्या, घाटाकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर मशिदीची भिंत, खाली घाटाच्या पायऱ्या. "जागा लगेच ओळखू येईल," तो म्हणाला. "काहीतरी जाड टांगा. बाहेरच्या घंटांचा आवाजही दबेल."

वैदेहीनं मला पेटीतून काढून खिडकीवर टांगलं. आनंदीबाईंना स्वयंपाकघरात जायला सांगितलं. "आई, जितकी कमी माणसं ऐकतील तितकं बरं."

"ऐकून मी काय दवंडी पिटणार आहे?" आनंदीबाई पुटपुटल्या, पण गेल्या. दार लागलं.

सीता माझ्याकडे पाठ करून बसली आणि बोलली. सगळं बोलली. रडली नाही. शर्टाचंही सांगितलं.

यज्ञेश्वरच्या लॅपटॉपवर नवीन एआय होतं. त्यानं सीतेचं तोंड धुरकट केलं, आवाज दुसऱ्याच बाईचा केला, फाईलच्या पोटात लपलेली जागेची खूणसुद्धा पुसली. मग पडद्यावर हिरवी खूण आली : सुरक्षित. त्या यंत्राला तोंडं ओळखायला शिकवलेलं, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर ओळखायला शिकवलेलं. लुगडी कुणी शिकवली नव्हती.

वैदेहीनं तो व्हिडिओ आधी सीतेला दाखवला. माणूस फोटोत पहिल्यांदा स्वतःलाच शोधतो. सीतेनंही स्वतःला शोधलं, सापडली नाही म्हणून हसली आणि हो म्हणाली. व्हिडिओ गेला. या मोबाईलवरून त्या मोबाईलवर, सगळ्या शहरात.

पुढे एका सकाळी आनंदीबाई मला उन्हं दाखवायला काखेत मारून घाटावर निघाल्या. फुलवाली माळीण मला बघून ओरडली, "ए अम्मा, तोहार कथरी त मोबाइल में आ गइल बा!"

"माझी कथरी?"

"अउर का! ऊ मेहरारू के पाछे टँगल रहल. मुँह ना लउकत रहे, कथरी खूब लउकत रहे." त्या बाईचं तोंड दिसेना, मी मात्र ठळक दिसत होते, असं तिचं म्हणणं. ती जवळ येऊन माझा पिवळा चौकोन बोटानं दाबून बघू लागली. "ईहे ह! हीरोइन हो गइल!"

आनंदीबाई हसल्या नाहीत. फुलं न घेता परत चढल्या. पायऱ्यांवर कुठेही थांबल्या नाहीत. घरात येऊन म्हणाल्या, "वैदेही, मला तो पिक्चर दाखव."

वैदेहीनं दाखवला. आनंदीबाईंनी तो पुरता बघितला.

"तोंड छान पुसलंत. आणि ही कोण?" त्यांनी पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

वैदेहीच्या आता लक्षात आलं. लॉजमधून या घरी येणारी बाई एकच. गोधडी कुणाची ते कळलं, की बाई कोण ते कळायला कितीसा वेळ!

यज्ञेश्वर धावत आला. व्हिडिओ त्यानं लगेच काढून टाकला, पण पुढे गेलेला परत कसा यायचा? मग म्हणाला, "एआयनं गोधडीचा रंग बदलतो. निळी करतो, दुसरीच नक्षी घालतो, आणि पुन्हा टाकतो. लोक गोंधळतील."

"लोक गोंधळतील, आणि कोर्टात लॉजचा वकील काय विचारेल?" वैदेही म्हणाली. "गोधडी बदललीत, आणखी काय काय बदललंत? विष्णु तरी खरा होता का? नाही यज्ञेश्वर. मूळ व्हिडिओ जसाच्या तसा आपल्या वकिलांकडे राहू दे. त्याला आता हात लावायचा नाही."

"मग आता काय करायचं?"

"आधी सीतेला सांगायचं. तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

दुपारी सीता आली. वैदेहीनं काही लपवलं नाही. चूक आमची झाली म्हणाली. सीतेनं माझ्याकडे बघितलं.

"मैनेजर साहब देख चुके हैं," ती म्हणाली. "सबेरे बोल रहे थे, ये कपड़ा कहीं देखा है. अभी याद नहीं आया."

"तुला नको असेल तर बयान मागे घेता येईल," वैदेही म्हणाली. "तू सांगशील तसं."

"वापस लेकर क्या होगा, भाभी? सुना तो हमने है न." मग ती आनंदीबाईंकडे वळली. "डर तो लगता है, अम्माजी. झूठ क्यों बोलें."

आनंदीबाई उठल्या आणि कात्री घेऊन आल्या.

"आई, काय करताय?"

"त्याला आठवू दे. पण आठवेल तेव्हा या गोधडीचं घर सापडता कामा नये."

माझी शिवण उसवायला दुपार पुरली नाही. दोरा जुना, पण टाका घट्ट होता. सीतेनंही एका कडेला बसून उसवलं. मला दुखलं का? कापडाला दुखत नाही. इतकी वर्षं एकमेकींना चिकटलेली लुगडी सुटी झाली, एवढंच.

मग आनंदीबाई घरोघर गेल्या. ज्या घरचा तुकडा त्या घरी, आणि ज्या घरचा नव्हता त्या घरीही. सीतेचं नाव कुठे काढलं नाही. कस्तुरी म्हणाली, "काकू, इतक्या वर्षांनी सासूबाईंचं लुगडं परत? आणि हा डाग कसला हो?"

"निमिषचा. धुऊन घे. आणि कठड्यावर टाक, सगळ्यांना दिसेल असं."

"पण कशाला?"

"कारण विचारणार असशील तर दे परत."

कस्तुरीनं परत दिलं नाही. कुणीच दिलं नाही. मी गल्लीभर झाले. कुठे स्कूटरच्या सीटवर, कुठे दारात पायपुसणं, कुठे मिक्सरवर झाकण, कुठे बाळाच्या पाळण्यात. आनंदीबाईंच्या कठड्यावर दुकानातलं ब्लँकेट.

मॅनेजरला आठवलंच. हातात मोबाईल घेऊन तो गल्लीत आला. ब्लँकेटाकडे बघितलं, मग कस्तुरीच्या कठड्याकडे, मग समोरच्या स्कूटरकडे. पुन्हा मोबाईलमध्ये बघितलं.

"ये कपड़ा किसका है?" त्यानं कस्तुरीला विचारलं.

"हमारा. क्यों?"

"और वो उधर वाला?"

"उनका. मराठी घरों में तो सबके यहाँ होता है, भैया. आपको पसंद आया? पुरानी साड़ी ले आइए भाभीजी की, सिल देंगे."

गल्लीतल्या बायका हसल्या. मॅनेजर आला तसा गेला. तो गेल्यावर कस्तुरीनं दाराला आतून कडी लावली, ते मी बघितलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं. पण एवढ्यावरून तिला काय ते कळलं असावं.

पुढे सीतेचं बयान मॅजिस्ट्रेटसमोर बंद खोलीत झालं. त्या दिवशी वैदेहीनं स्वतःचा मोबाईलसुद्धा घरी ठेवला होता. खटला चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

वैदेही आणि यज्ञेश्वर अजूनही बयानं घेतात, एआयही वापरतात. त्यांचं यंत्राशी वैर नाही. पण हिरवी खूण आली की आता काम संपत नाही. वैदेही पडद्यावरच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवते आणि बाकीचं सगळं बघते. भिंत, चप्पल, हातातली बांगडी, मागून ऐकू येणारी शेजारणीची हाक. मग बोलणाऱ्या माणसाला तसंच बघायला लावते. आणि मग दार उघडून आनंदीबाईंना हाक मारते. त्या बघून म्हणतात, "ते कॅलेंडर काढा मागचं." कॅलेंडर निघतं.

हिवाळ्यात आनंदीबाई ते दुकानचं ब्लँकेट घेतात. ऊब नाही त्याला, असं त्या एकदाही बोलल्या नाहीत. कुशीवर वळतात, पाय पोटाशी घेतात.

तुमच्याही हातात मोबाईल असेल. कुणाचं दुःख त्यात भरून घ्यायची वेळ आली, तर जरूर घ्या; न घेतलं तर विष्णुसारखे कितीतरी दारू पिऊन पडलेलेच ठरतील. फक्त ज्याचं दुःख आहे तो त्यानंतरही त्याच गल्लीत राहणार आहे, एवढं बघा. सीता हे तिचं खरं नाव नाही, घाटाचं आणि इतरांचंही नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ती आणि तिची मुलगी आता लॉजच्या छतावर राहत नाहीत. दुसरीकडे राहतात. माझा एक तुकडा रात्री त्या मुलीच्या अंगावर असतो. झोपेत ती तो तोंडावरून ओढून घेते. तो तुकडा कुठल्या रंगाचा, आणि ते घर कुठल्या घाटाजवळ, हे मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही.