फरार, तीन नोव्हेंबर

नबिला पारकर दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एका छोट्या ऑफिसात काम करते. जुनी हस्तलिखितं वाचून टाइप करून द्यायची, हा तिथला धंदा. मागच्या वर्षी अमेरिकेतून एलिनोर वॉल्श नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं काम आलं. तिकडच्या यादवी युद्धात त्यांच्या गावाभोवतीचे साडेनऊशे शेतकरी, सुतार, लोहार आपखुशीने भरती झाले होते आणि त्यांची एक पायदळ पलटण उभी राहिली होती. हजेरीपट, पत्रं, इस्पितळाच्या वह्या या सगळ्यांचे फोटो बाईंनी पाठवले होते. त्यातून पलटणीचा इतिहास जुळवून गावच्या वाचनालयासाठी पुस्तक करायचं होतं. बाईंचे खापरपणजोबा पलटणीत सार्जंट होते. एका कंपनीचे, म्हणजे तुकडीचे, हजेरीपट त्यांच्याच हातचे.

नबिलाला वाटलं होतं, पानोपानी लढाया असतील. पण पहिल्या हिवाळ्यात गोळीने चार माणसं मेली आणि गोवराने एकोणसाठ. महिनोन् महिने पलटण नुसती चालत होती. बूट फाटले, पावसात पीठ भिजलं, एवढंच लिहिलेलं. एकच मोठी लढाई झाली, नदीच्या उतारावर, जेमतेम दोन तासांची. त्यात पाऊणशे माणसं गेली.

कॅस्पर ह्यूबर हे नाव तिला हजेरीपटात भेटलं. वय सव्वीस, धंदा लाकडी पिंपं बनवणं, डाव्या हाताची करंगळी नाही. पुढे सार्जंटच्या वळणदार अक्षरात एवढंच : ‘फरार, तीन नोव्हेंबर.’

‘फरार’ हा शब्द टाइप करताना तिचा हात थांबला.

सहा वर्षांपूर्वी ती रत्नागिरीला सासरी होती आणि तिचा नवरा मुनीर इकडे दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत फोरमन होता. एक दिवस कंपनीतून फोन आला, “तुमचा नवरा आठवडाभर ड्यूटीवर नाही. आम्ही अ‍ॅबस्काँडिंगची, म्हणजे फरार झाल्याची, केस टाकलीय.” मुनीर तेव्हा खोर फक्कानच्या इस्पितळात बेशुद्ध पडला होता. साइटवरून दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून परतताना ती उलटली, पाकीट आणि फोन दरीत गेले. कुणाच्या तरी ऐकीव माहितीवर कागदावर नाव लागलं ते ‘नासिर’. तो पळालेला नाही हे सिद्ध करायला पुढे चार महिने लागले.

ती ह्यूबरला शोधायला लागली. पत्रांच्या गठ्ठ्यात त्याच्या बायकोचा, मार्थाचा, पेन्शनसाठीचा अर्ज होता. त्यावर उत्तर : नवरा फरार असल्याने नामंजूर. तिने असे तीन अर्ज केले होते.

इस्पितळाच्या वह्या त्या कामात शेवटी यायच्या होत्या. नबिलाने त्या आधी उघडल्या. चौथ्या दिवशी दुपारी सापडलं. ‘जॅस्पर हूवर. चार नोव्हेंबरला दुसऱ्या पलटणीच्या गाडीतून आणला. शुद्धीवर नाही. डावी करंगळी नाही. एकोणीस तारखेला विषमज्वराने मृत्यू.’ शेजारी लिहिलेलं गाव आणि कंपनी ह्यूबरचीच.

तिने मॅनेजर विजयकुमारना दाखवलं. ते हिंदीत म्हणाले, “नबिला, जो लिखा है वही टाइप करो. फरार किसने लिखा? क्लायंट के परदादा ने. उनको प्राउड होना है, हबीबी. खलास.”

“सर, बदलत नाही मी. खाली फक्त टीप देते.”

“और वो नाराज हुई तो?”

“तर मी बोलेन त्यांच्याशी.”

बोलावं लागलंच. टीप वाचून बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली बाई. त्यांनी दोन्ही पानं पुन्हा दाखवायला सांगितली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“दुसरा कुणी असेल,” त्या म्हणाल्या.

“असू शकेल,” नबिला म्हणाली. “पण गाव तेच, कंपनी तीच. करंगळीपण नाही.”

“माझे खापरपणजोबा खोटं लिहिणारे नव्हते.”

“खोटं नाही, मॅडम. संध्याकाळच्या हजेरीला तो नव्हता. त्यांनी तेवढंच लिहिलं. मागे जाऊन कुणी बघितलं नाही.”

बाईंनी कॉल बंद केला. दोन आठवडे उत्तर नाही. विजयकुमार रोज विचारायचे आणि नबिला रोज मान हलवायची. मग एक मेल आली. मेलेल्यांच्या यादीत ह्यूबरचं नाव घालायचं होतं, आणि त्याच्यासाठी एक स्वतंत्र पान. त्या पानाचा मजकूर बाईंनी स्वतः लिहिला होता : ‘ही नोंद माझ्या खापरपणजोबांनी केली. ती चुकीची होती. मार्था ह्यूबर यांनी तीन वेळा विचारलं, आमच्या गावाने एकदाही शोधलं नाही.’

पुस्तकाची एक प्रत दुबईला आली. शुक्रवारी संध्याकाळी नबिलाने ती घरी आणली. मुनीर सोफ्यावर बसून ते पान बोट ठेवत ठेवत वाचू लागला. फिझा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, त्याच्या खांद्यावरून डोकावली.

“सो ही वॉज इन हॉस्पिटल? लाइक अब्बा?”

“हो,” मुनीर म्हणाला. फिझा आत गेल्यावर त्याने विचारलं, “त्याच्या बायकोला कधी कळलं?”

“नाही कळलं. शेवटच्या अर्जानंतर पाच वर्षांनी वारली ती.”

मुनीरने पान उलटलं नाही. “कंपनीचा फोन आला तेव्हा... तू त्यांचं खरं मानलंस का गं?”

सहा वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं.

“दोन दिवस मानलं,” नबिला म्हणाली. “तुम्ही आम्हाला टाकून गेलात असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फिझाला कडेवर घेतलं आणि इथल्या सगळ्या इस्पितळांना फोन लावायला बसले.”

 मुनीरने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि तिला बसायला जागा करून दिली.