माइकपासून मागे

आमचे हे अंथरुणाला खिळले त्याला महिना झाला होता, पण आवाज काही अंथरुणात राहायला तयार नव्हता.

आधी वाटलं, माझेच कान गेले. ओठ माझ्यासमोर हलायचे आणि "विमल, पाणी दे" हे यायचं न्हाणीघरातून. दोन दिवसांनी फाटकाजवळून. आवाज बारीक झाला नव्हता, तसाच भरदार, फक्त लांबून. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. म्हटलं, असेल बाबा, शिकलेले तुम्ही. मग तिसऱ्या घरातली कांता आली.

"काकू, काका आमच्या आंगणात कोणाशी बोलून राह्यले? कुत्रं भुकून राह्यलं, अन् माणूस तं दिसत नाई."

माझ्या हातातली पेजेची वाटी मी खाली ठेवली.

मला हा प्रकार ओळखीचा होता, हेच वाईट. रूपराव, नाव घेते, आता लाज कसली, तरुणपणापासून नागपूर रेडिओवर नाटकात काम करायचे. राजा, पाटील, खाष्ट सासरा, सगळे हेच. रेडिओत माणूस निघून गेला हे दाखवायचं तर नटाने बोलत बोलत माइकपासून मागे सरकायचं. घरी त्याचा सराव चालायचा. मी चुलीपाशी कागद धरून बसायचे आणि हे संवाद म्हणत म्हणत अंगणापर्यंत मागे जायचे. "माणूस गेला असं वाटलं का?" तिथूनच विचारायचे. वाटायचं. अंगावर काटा यायचा.

पुढे मुंबईत टीव्ही आला आणि ह्यांना बोलावणं आलं. मी आमचं गाव, नालवाडी, सोडायला नाही म्हणाले. आमचा कैलास तान्हा होता, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. हे एकटे गेले आणि चार महिन्यांत परत आले. का आले, ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. फक्त भांडण झालं की म्हणायचे, "मुंबई सोडली मी, विमल." झालं, माझं तोंड बंद. पन्नास वर्षं एका माणसाचं नशीब बुडवल्याच्या धाकात मी ह्यांच्या आवडीची भाजी केली. आता एकदाच विचारायचं होतं, माझ्यापायी सोडली का? आणि आवाज तर रोज थोडा पुढे चालला होता.

गुरुवारी दुपारी ओठ हलले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. कैलास पुलगावला डेपोत, ड्यूटीवर. त्याची मुलगी सुरभी सावंगीला नर्सिंग शिकते, ती घरी होती. तिला पलंगापाशी बसवलं.

"आजी, तू चालली कुठी?"

"तुह्या आबाले एक विचारून येतो," मी म्हटलं. ती आबाकडे बघायची तशी माझ्याकडे बघायला लागली.

कांताचं अंगण ओलांडलं, लेआउटचे रिकामे प्लॉट ओलांडले. पुढे पऱ्हाटीच्या शेतात चार बाया वेचणी थांबवून उभ्या होत्या, ओटीत कापूस तसाच.

"तिकडं धुऱ्यावर कोणी बोलून राह्यलं वो बाई, सकाळपासून," एक म्हणाली. "जाऊ नको."

मी गेले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आवाज होता, माणूस नव्हता. कुठल्याशा नाटकातल्या सासऱ्याचं बोलणं चाललं होतं, दहा पावलांवर. मी दोन पावलं टाकली की तो दोन पावलं मागे. पऱ्हाटीचं पानही हलत नव्हतं. डोक्यावर ऊन, आणि माझे दात वाजत होते.

"थांबा!" मी ओरडले. "एवढं सांगून जा. मुंबई तुमी माह्यापायी सोडली का?"

आवाज अर्ध्या वाक्यात तुटला. मी वाट पाहिली. लांब मालगाडी गेली, मागे बाया कुजबुजल्या, बाकी काही नाही. न सांगताच गेले असं वाटून मी धुऱ्यावर बसून पोटभर रडले.

घरी आले तर सुरभी दारात, पांढरीफटक. हे गेले होते.

"आत्ताच, आजी," ती म्हणाली. "आबा बोलले वो. एकदम जवळून, माह्या कानात, खणखणीत. मी तं काही विचारलंच नव्हतं."

"काय बोलले?"

"म्हणे, 'नाई वो विमल, तुह्यापायी नाई. टीव्हीवाल्यायनं दुसऱ्या नाटकातच काढून टाकलं मले. आवाज चांगला हाय म्हणे, चेहरा नाई.'"

मी पलंगापाशी गेले. असा संताप आला की काय सांगू.

"लबाड!" मी ओरडले. "पन्नास वर्सं मले गप ठेवलं, अन् आता सांगता?"

सुरभी धरायला धावली. तिला बाजूला सारून मी ह्यांच्यावर वाकले.

"मले काऊन नाई सांगितलं? मी का हसली असती तुमाले?" मी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय झालतं ह्या चेहऱ्याले? चांगला तं होता."